संमतीपत्र तेवढं मराठीत

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात अशोकस्तंभाजवळचं माझं टंकलेखनाचं दुकान मी बंद केलं. १९९३ साली एका रेमिंग्टनवर सुरू केलं होतं. सुरुवातीला भाडेकरार, कोर्टाचे अर्ज, मुलीचे बायोडाटा असं काहीबाही यायचं. १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकात स्थापन झालं, पुढे दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला त्याचा परिसर उभा राहिला, आणि हळूहळू डॉक्टर मुलंमुली माझ्याकडे येऊ लागली. एम.डी., एम.एस.चे प्रबंध टाइप करून घ्यायला. शिरवळला, परळला गुरांचे डॉक्टर व्हायला गेलेली आपल्या सिन्नर-निफाडकडची मुलंसुद्धा सुटीत घरी आली की हस्तलिखिताचा गठ्ठा माझ्याच टेबलावर आणून ठेवायची. आता प्रत्येकाकडे लॅपटॉप आहे. माझं वयही एकसष्ट झालं. गाळा सोडला.

सोडताना रजिस्टर चाळलं. चारशेच्या वर प्रबंध माझ्या हातून गेले. डावीकडे बाइंडिंगसाठी दीड इंच समास, दीड ओळीचं अंतर, रेक्झिनचं कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरं. शेवटी आडव्या पानावर मास्टर चार्ट. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, अभ्यासातला प्रत्येक रुग्ण म्हणजे त्या तक्त्यातली एक ओळ. नाव नसतं. नोंदणी क्रमांक, वय, काय झालं, काय केलं, शेवटी काय झालं. शेवटच्या रकान्यात ‘एक्स्पायर्ड’ टाइप करताना मी दर वेळी थांबत असे. घाई असली तरी थांबत असे.

या एवढ्याल्या प्रबंधांत मराठी पानं किती? दोन, फार तर तीन. रुग्ण माहितीपत्रक आणि संमतीपत्र. ‘या अभ्यासाची संपूर्ण माहिती मला माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आली आहे. मी स्वखुशीने यात सहभागी होत आहे.’ हा मजकूर मला तोंडपाठ आहे. खाली सही किंवा अंगठा, त्याखाली साक्षीदार. बाकी सव्वाशे-दीडशे पानं इंग्रजीत. माझ्या हातून गेलेल्या एकाही वैद्यकीय प्रबंधात निष्कर्षाचं पान मराठीत नव्हतं. म्हणजे माणसाचं शरीर अभ्यासाला मागायचं ते मराठीत, आणि त्यातून काय कळलं ते सांगायचं इंग्रजीत. तेही त्याला सांगायचं नाहीच, कपाटाला सांगायचं. तीस वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर होत होतं आणि मीच ते टाइप करत होते. म्हणून हे पत्र.

माझं माहेर सिन्नर तालुक्यातलं. २००१ च्या उन्हाळ्यात शिरवळच्या एका मुलाचा वासरांवरचा प्रबंध माझ्याकडे होता. त्यात ‘फेल्युअर ऑफ पॅसिव्ह ट्रान्सफर’ हे शब्द पानोपानी. स्पेलिंग एकदाही चुकलं नाही माझं, पण त्याचा अर्थ मला कोणी सांगितला नव्हता आणि मीही विचारला नव्हता. त्याच महिन्यात आमची संकरित गाय व्यायली. कालवड झाली म्हणून वडील खूश. आमच्याकडे रीत अशी, की वार पडल्याशिवाय वासराला चीक पाजायचा नाही. पहिला चीक पचत नाही, हगवण लागते, असं आजोबांपासून चालत आलेलं. वार पडायला रात्र गेली. सकाळी चीक काढला तो निम्मा शेजारीपाजारी खरवसाला वाटला. कालवडीला मिळाला तो दुपारी, तोही लोटीभर. चौथ्या दिवशी हगवण लागली, सहाव्या दिवशी कालवड गेली. आई म्हणाली, बघा, तेवढा चीकसुद्धा बाधला.

पुढे तो मुलगा प्रबंध न्यायला आला तेव्हा मी त्याला हे सांगितलं. तो खुर्ची ओढून बसला आणि त्याने मला त्या चार शब्दांचा अर्थ सांगितला. बाईच्या पोटातल्या बाळाला आईच्या रक्तातून रोगाशी लढणारे घटक वारेतून मिळतात. गाईची वार वेगळ्या घडणीची असते, तिच्यातून हे घटक वासराकडे जात नाहीत. वासरू जन्मतं ते रित्या रक्तानं. ते सगळं त्याला चिकातून घ्यावं लागतं, आणि ते घटक जसेच्या तसे रक्तात शोषून घेण्याची आतड्याची ताकद जन्मानंतर तासातासाने कमी होत जाते. चोवीस तासांत ते दार जवळजवळ बंद होतं. म्हणून पहिल्या एक-दोन तासांत चीक पाजायचा, आणि पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका पोटात जायला हवा. तीस किलोचं वासरू असेल तर तीन लिटर. आणि वासरू कासेला लागलं की गाईच्या गर्भाशयाचं आकुंचन वाढतं, वार पडायला मदतच होते. आम्ही वार पडायची वाट बघत चीक रोखून धरत होतो, म्हणजे दोन्हीकडून उलटं करत होतो. नाळेला टिंक्चर आयोडीन लावायचं, हगवण लागली तर दूध तोडायचं नाही, मीठ-साखरेचं पाणी वेगळं पाजत राहायचं, हेही त्यानेच सांगितलं. दूध बंद केलं की वासरू उपासानं आणखी खचतं.

मी त्या रविवारी सिन्नरला गेले आणि वडिलांना हे सगळं आपल्या भाषेत सांगितलं. वडील हट्टी होते, पण गुरांच्या बाबतीत हिशेबी. पुढच्या वेताला त्यांनी वार पडायच्या आत चीक पाजला. त्यानंतर आमच्या गोठ्यात हगवणीनं वासरू गेलेलं मला आठवत नाही. दीडशे पानांतलं वडिलांच्या कामाचं होतं ते दहा ओळींत मावलं. त्या दहा ओळी गावात यायला प्रबंध टाइप करणारी बाई त्या गावची माहेरवाशीण असावी लागली, हे मला आजही टोचतं. गुरांविषयी मराठीत आता बरंच छापून येतं, शेतीच्या मासिकांतून पशुवैद्य मंडळी मनापासून लिहितात, हे मान्य करते. माणसांच्या बाबतीत मात्र तेवढंही होत नाही.

माझ्या धाकट्या भावाचं सांगते. जानेवारी २००८. मोहदरी घाटात त्याची मोटारसायकल घसरली. हेल्मेट घरी खुंटीला. डोकं आपटून तो बेशुद्ध पडला. लोकांनी नाकाला कांदा लावला, तोंडात पाणी ओतलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते फुफ्फुसात जाऊ शकतं, हे त्या भल्या माणसांना कुणी सांगितलेलं नव्हतं. थोड्या वेळाने तो शुद्धीवर आला, बोलला, ‘मला काही नाही झालं’ म्हणाला. घरी आणून झोपवला. वहिनी म्हणाली, दमलाय, झोपू द्या. तीन तासांनी उलट्या सुरू झाल्या आणि तो हाकेला ओ देईना.

कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठत जातं तेव्हा असं होतं. माणूस मध्ये काही काळ अगदी नीट बोलतो आणि घरचे निर्धास्त होतात. डोक्याला मार लागून कोणी बेशुद्ध पडला, मग तो कितीही चांगला बोलत असला, तरी त्याला त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. उलट्या, वाढती गुंगी, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी, यातलं काही दिसलं तर सीटी स्कॅन होतो अशा ठिकाणी धावायचं. या खुणांचं पान मी त्या आधी निदान पंधरा वेळा टाइप केलं होतं. इंग्रजीत. वहिनीने एकदाही वाचलं नव्हतं.

जवळच्या एका लहान रुग्णालयात त्याला आधी नेलं. तिथे कागदावर मी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं नाव वाचलं. हे नाव मला ओळखीचं होतं. स्टेरॉइडनं मेंदूची सूज उतरते अशा समजुतीने वर्षानुवर्षं डोक्याच्या मारावर ही औषधं दिली जात. लहान लहान अभ्यास झाले, कुणी म्हणे फायदा, कुणी म्हणे नाही. शेवटी ४९ देशांतल्या २३९ रुग्णालयांत मिळून १०,००८ रुग्णांवर ‘क्रॅश’ नावाची चाचणी झाली. २००४ साली निकाल आला. स्टेरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांत २१.१ टक्के माणसं दगावली, न दिलेल्यांत १७.९ टक्के. जे औषध वाचवतं म्हणून देत होते त्यानं जास्त माणसं जात होती. मी हे तिथे भीत भीत विचारलं. ‘तुम्ही टायपिंग करता ना?’ एवढंच उत्तर मिळालं. रात्रीच त्याला नाशकात आणलं. इथल्या डॉक्टरांनी कागद बघितला, ते औषध थांबवलं, कवटी उघडून रक्त काढलं. भाऊ वाचला. त्या एका डोसानं त्याचं काही बिघडलं असा माझा दावा नाही. पण निकाल येऊन तीन वर्षं उलटली होती, आणि तो नाशिकपासून तासाभराच्या गावात पोचला नव्हता, एवढं मी पाहिलं.

भावाला तेव्हापासून वास येत नाही. डोक्याच्या मारानंतर असं पुष्कळांचं होतं, नाकाकडून मेंदूत जाणारे नाजूक तंतू तुटतात. तो कांदा पिकवतो. कांदाचाळीत कुठला थर सडायला लागला हे त्याला पूर्वी दारातूनच कळायचं. आता मुलाला हाक मारून विचारावं लागतं. चिडतोही फार, आधी असा नव्हता. हा स्वभाव नव्हे, त्या माराचाच भाग आहे, हे वहिनीला कळायला चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत त्या घरात जे झालं ते मी इथे लिहीत नाही.

पुढे २०१८ च्या सुमारास बाळंतपणातल्या रक्तस्रावावरचा एक प्रबंध आला. त्यात ट्रानेक्झामिक ॲसिडचं नाव सारखं येत होतं. दोनेक वर्षांनी डोक्याच्या मारावरचा एक आला, त्यातही हेच औषध. अंगावरून जास्त जातं म्हणून बायकांना जी गोळी देतात, तीच. मी संदर्भ नीट वाचत गेले. हे औषध जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या पतिपत्नीनं शोधलं, १९६२ साली ते प्रसिद्ध झालं. उताकोबाई लहान मुलीला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करायच्या. बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायका वाचाव्यात ही त्यांची इच्छा, पण तिथल्या प्रसूतितज्ज्ञांना त्यांना त्या काळी चाचणीसाठी राजी करता आलं नाही. ती मोठी चाचणी झाली २०,०६० बायकांवर, २१ देशांत, आणि निकाल आला २०१७ मध्ये. तीन तासांच्या आत औषध दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी होतात. उताकोबाई आदल्या वर्षीच गेल्या होत्या. २०१९ मध्ये डोक्याच्या मारावरचा निकाल आला. १२,७३७ रुग्ण. मार सौम्य ते मध्यम असेल आणि तीन तासांच्या आत औषध मिळालं तर जीव वाचतात. माझा भाऊ तीन तास घरी झोपला होता. २००८ साली हे कळलेलं नव्हतं, कबूल. पण आता कळलेलं आहे. दोन्हीकडे तीन तास. बाळंतीण असो की घाटात पडलेला माणूस, वेळेचा हा हिशेब गावागावांत माहीत हवा, कारण ते तीन तास रुग्णालयात जात नाहीत, घरात आणि रस्त्यावर जातात.

आता बायकांच्या शस्त्रक्रियांविषयी. हे लिहिताना हात अडखळतो, पण लिहिते.

माझ्या याच वहिनीची गर्भपिशवी ती बत्तीस वर्षांची असताना काढली. तक्रार होती अंगावरून पांढरं जाण्याची. तालुक्याच्या एका डॉक्टरने सांगितलं, पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. भावाने दोन गाई विकल्या. बीजकोशही काढले, हे तिला डिस्चार्ज कार्डावरून मी सांगितलं. तीन वर्षांत तिच्या अंगातून वाफा येऊ लागल्या, झोप गेली, चाळिशीच्या आत गुडघ्या-कमरेनं धरलं. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेवरचे प्रबंध मी खूप टाइप केले आहेत. कारणांच्या तक्त्यात गाठी असतात, औषधाला दाद न देणारा रक्तस्राव असतो, अंग बाहेर येणं, म्हणजे गर्भाशय खाली सरकणं असतं, कर्करोग असतो. नुसतं पांढरं जाणं हे पिशवी काढण्याचं कारण नव्हे. ते बहुतेकदा जंतुसंसर्गानं होतं आणि तपासून दिलेल्या औषधानं बरं होतं. बीजकोश तरुणपणी काढले तर पाळी एका दिवसात कायमची जाते, आणि हाडांना, हृदयाला मिळणारं संरक्षणही जातं. बीडच्या ऊसतोड बायकांची पाहणी २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीने केली, तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. तो आकडा वाचून सगळा महाराष्ट्र हळहळला. मला आमच्या दोन गाई आठवल्या.

आणि आई. सहा बाळंतपणं झालेली. तिचं अंग बाहेर येत होतं, सोळा वर्षं. जुन्या नऊवारीची घडी बांधून ती निंदणी करायची. घरात कुणाला माहीत नव्हतं. याच काळात गोठ्यातल्या एका म्हशीचं मायांग बाहेर आलं होतं, तेव्हा वडील रात्री अकराला सायकल काढून गुरांच्या डॉक्टरकडे गेले होते. वडील वाईट नव्हते. त्यांना आईचं कळलंच नाही.

मला कळलं तेही प्रबंधामुळे. अंग बाहेर येण्यावरच्या एका प्रबंधात डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचं नाव आलं. गोव्यातल्या शिरोड्याचे. गर्भपिशवीचं तोंड सैल पडून गर्भ टिकत नसेल तर घालायचा टाका त्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केला, तो जगभर शिरोडकर टाका म्हणूनच ओळखला जातो. अंग बाहेर येणाऱ्या तरुण बायकांसाठी पिशवी न काढता ती वर बांधून घेण्याची शस्त्रक्रियाही त्यांनी बसवली. आपल्याकडचा माणूस म्हणून मी कौतुकानं हे आईला वाचून दाखवत होते, मराठी करून. आई भाकरी थापत होती. ती थांबली आणि म्हणाली, ‘म्हणजे हा आजार असतो होय? मला वाटलं, बाळंतपणं झाली की हे व्हायचंच.’

सदुसष्टाव्या वर्षी आईची शस्त्रक्रिया झाली, खालूनच, पोट न कापता. आठवड्याने ती घरी आली. पुढची नऊ वर्षं तिने घडी बांधली नाही. सुरुवातीला कळलं असतं तर कदाचित ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम किंवा आत बसवायची रिंग यावरही भागलं असतं. हेही प्रबंधात होतं.

मी हे डॉक्टरांपुढे काढते तेव्हा दोन उत्तरं मिळतात. एक, अर्धवट माहितीनं लोक वाद घालतात. वाद घालू देत. वहिनीने वाद घातला असता तर बरं झालं असतं. दुसरं उत्तर जास्त प्रामाणिक आहे. विद्यार्थ्याचा प्रबंध साठ-सत्तर रुग्णांचा, त्यावरून काही ठरत नाही. स्टेरॉइडचा निकाल लागायला दहा हजार रुग्ण लागले, हे मीच वर लिहिलं आहे. मग तेच मराठीत लिहा ना. ‘ही साठ जणांची पाहणी आहे, यावरून नियम ठरत नाही, पण या विषयात आजवर पक्कं ठरलेलं आहे ते असं.’ आमच्या लोकांना हे कळतं. एका वावरातल्या बियाण्यावरून तालुक्याचा अंदाज करू नये, हे त्यांना शिकवावं लागत नाही.

माझं मागणं आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे, कारण ते माझ्या गावात आहे. नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाकडेही आहे. प्रत्येक प्रबंधासोबत दोन पानांचा मराठी सारांश सक्तीचा करा. मार्गदर्शकाची सही त्याच्याखाली असू द्या, म्हणजे चूक जाणार नाही. तो संकेतस्थळावर टाका, पण तेवढ्यावर थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात, पशुवैद्यकीय दवाखान्यात, दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर लावा, आशाताईंच्या पिशवीत द्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रुग्णाला माहिती त्याला कळेल अशा भाषेत द्यावी लागते, म्हणून तर ती दोन मराठी पानं असतात. आणि वैद्यकीय संशोधनाच्या नीतिनियमांच्या, १९६४ पासून चालत आलेल्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २०१३ च्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलं आहे, की अभ्यासात सहभागी झालेल्याला त्याचा निष्कर्ष कळवून घेण्याचा पर्याय द्यावा. इंग्रजीतलं हे वाक्य मी कितीतरी वेळा टाइप केलं आहे.

दुकानातला संगणक मी पंचवटीला घरी आणला आहे. ज्या विद्यार्थ्यांना असा सारांश करायचा असेल त्यांचं टंकलेखन मी पैसे न घेता करून देईन, आणि शब्द अडला तर गावाकडचा शब्दही सुचवीन. विद्यापीठाला सगळं एकदम जमणार नसेल तर निदान संमतीपत्रात एक ओळ वाढवावी: ‘या अभ्यासाचा निष्कर्ष मला मराठीत कळवावा. होय / नाही.’ खाली पत्त्याला दोन ओळी. संमतीपत्राच्या पानावर सहीच्या खाली चार बोटं जागा नेहमीच मोकळी राहते.

आपली,
एक निवृत्त टंकलेखिका,
पंचवटी, नाशिक
(घरच्या गोष्टी लिहिल्या असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)